चौथ्या दालनाचा मजकूर

या शहराचं नाव नाव.
वूच म्हणजे होडी. शहराच्या चिन्हावरही तीच,
आत एक वल्हं आडवं.
आणि नदी?
होत्या बारीकसारीक, गिरण्यांनी पिऊन टाकल्या,
उरल्या त्या नळांत घालून रस्त्यांखाली पुरल्या.
हे मी पहिल्या दालनासाठी लिहिलं होतं.
समितीने खोडलं:
पाहुण्यांना आल्या आल्या पुरलेलं काही दाखवू नये.

नवा आराखडा असा आहे.
तिसऱ्यात धुराडी, मालकांची झुंबरं, चांदीचे काटेचमचे.
चौथ्यात उतरती कळा: बारा पावलं लांब, दिवे मंद.
पाचव्यात नवं शहर, काच, कॉफी, उंच खिडक्या,
मुलांना लोळायला रंगीत गाद्या.
चौथ्यासाठी मला चाळीस शब्द मिळालेत.
पूर्वी दीडशे होते.
"लोक तिथे थांबतच नाहीत," दोब्रोस्वाव म्हणतो,
पावलं मोजणाऱ्या यंत्राचे आकडे
त्याने रंग देऊन आणलेत.

मंगळवारी गेनोवेफाबाई आल्या,
विणकाम खात्यात एकतीस वर्षं, बहुतेक रात्रपाळी.
त्यांना दाखवायला आम्ही माग पुसून ठेवला होता,
काळा, चकचकीत, लग्नातल्या बुटांसारखा,
आणि शेजारी स्पीकर, त्यातून खटखट
माफक, कुणाच्या गप्पांत येऊ नये इतकी.
बाई ऐकत राहिल्या.
मग ओठ हलवले, आवाज न करता.
मला कळेना. पुन्हा हलवले.
"आम्ही अशाच बोलायचो!"
आता मोठ्याने, कमी ऐकू येणाऱ्यांच्या त्या उंच आवाजात.
"दोनशे मागांच्या मध्ये कान कुणाचे टिकतात?
फेलिक्साचं बाळ गेलं ते मी असंच वाचलं,
तिच्या ओठांवर,
चार माग पलीकडून.
हात थांबवता येईनात. धागा तुटला असता."

भिंतीवर माझं वाक्य होतं, कच्च्या छपाईत:
एकामागून एक गिरण्या बंद पडल्या.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"पडल्या?
पडतं ते पिकलेलं फळ.
शुक्रवारी मी कापड अर्धं सोडून गेले,
हातमोजे मागावरच,
सोमवारी फाटकाला साखळी.
कुणीतरी ती विकत आणली असेल ना,
दुकानात जाऊन, लांबी सांगून?"

मी लिहून घेतलं.
मग सवयीने शब्द मोजले
आणि वही मिटली.

पाचव्या दालनात मला वाटलं, आता त्या चिडतील.
भिंतभर त्यांचीच गिरणी, घासून लाल केलेल्या विटा,
आत घरं, खाली उपाहारगृह, झाडं कुंड्यांत.
त्यांनी बोट ठेवलं, जिथे कॉफीचं यंत्र होतं तिथे:
"इथे आमचा संडास. दार लागायचं नाही."
आणि हसल्या.
"बरं केलंय. ऊन येतं.
आमच्या वेळी काचांना निळा रंग फासलेला,
बाहेर बघू नये म्हणून."
नात तिथेच कुठेतरी संगणकावर काम करते,
काय करते ते बाईंना नीट सांगता येईना.

निघताना त्यांची छत्री आठवली, चौथ्यात राहिलेली.
पण दार मागून उघडत नाही,
वाट एकाच दिशेची आखलेली आहे.
आम्ही पूर्ण फेरा मारून परत गेलो,
झुंबरांखालून, धुराड्यांमधून,
गुडघ्यांसाठी दोनदा थांबत.
छत्री मागाला टेकून उभी होती.
बाईंनी ती घेतली, आणि जाता जाता
ताण्यातला एक लोंबता धागा
दोन बोटांत धरून गाठला,
न बघता.
जतन विभागाने त्याची लेखी तक्रार केली आहे.

बैठक गुरुवारी आहे.
स्पीकर मी काढून टाकलाय, अजून कुणाला सांगितलं नाही.
चाळीस शब्दांतले अकरा लिहून झालेत.
आज दुपारी पुलाजवळच्या लोखंडाच्या दुकानात गेले,
म्हटलं, साखळी हवी, फाटकाला लावतात तसली.
दुकानदाराने रीळ ओढलं, खण्णकन,
आणि मान वर न करता विचारलं,
किती मीटर?